बी, रोप आणि खुंट

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील मनुष्य पाण्याची तक्रार करू लागला, तर परमुलुखातील ऐकणारास ती थट्टाच वाटावी. पाठीशी महाबळेश्वराचे पठार, जेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथेच उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास उतरते आणि वाटेत काळ व गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेते. खाली महाडातही पाऊस तीन हजार मिलिमीटरांच्या घरात असतो. २००५ व २०२१ या दोन्ही सालच्या जुलै महिन्यात याच सावित्रीने महाडची बाजारपेठ बुडविली, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु होळी उलटल्यावर जो कोणी वरच्या वाड्यांकडे जाईल, त्यास झऱ्यापाशी हंड्यांची रांग दिसेल आणि कोठे कोठे टँकरची वाट पाहत बसलेल्या बायाबापड्या दिसतील. एवढा पाऊस पडतो तो चार महिन्यांत. उतार तीव्र, माती थोडी, तिच्याखाली काळा कातळ. आभाळातून आलेले पाणी पाहता पाहता खाडीला मिळते. मग कार्तिकापासून वैशाखापर्यंत जमिनीस वरून थेंब मिळत नाही म्हटले तरी चालेल.

माणसांकरिता टँकर आणता येतो. डोंगरउतारावर नुकत्याच उगवलेल्या वीतभर झाडास ती सोय नाही. देशावरील अवर्षण काही वर्षांआड येते. कोकणातील कोवळ्या झाडाचे अवर्षण दर साली ठरलेल्या महिन्यात येते व सात-आठ महिने मुक्काम करते. ते झाड हा मुक्काम कसा निभावते, आणि जंगल पुन्हा उभे करण्याच्या निरनिराळ्या रीतींत त्याच्या निभावण्यास कोणती रीत साह्य करते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय केवळ वनखात्याचा, असे कोणी समजू नये. आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे पुण्या-मुंबईस स्थायिक झाली असली, तरी त्यांची नावे कोकणातील एखाद्या सामाईक सातबारावर अद्याप आहेत. रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांतील रानाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. दहा-पंधरा वर्षे लोटली की लाकडाचा ठेकेदार येतो, उतारावरील रानाचा उक्ता भाव सांगतो, आणि भाऊबंदांची बैठक बसते. थोरले काका म्हणतात, तोड देऊन टाकावी. रान आपोआप वाढते, पूर्वीही वाढलेच. धाकटे बंधू म्हणतात, तोड द्यावी, पण पैशांतून हजारभर रोपे आणून लावावीत. घरातील शिकलेली सून म्हणते, काहीच तोडू नये. तिघांचेही हेतू चांगले. परंतु तिघांचीही दृष्टी जमिनीवर जे दिसते तेवढ्यावरच असते. या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली आहे.

प्रथम झाड पाणी पिते कसे, हे पाहू. मुळाच्या टोकापासून पानापर्यंत अतिसूक्ष्म नळ्यांतून पाण्याचे अखंड धागे गेलेले असतात. पानाच्या पृष्ठभागावरील छिद्रांतून बाष्प उडाले की धागा वर ओढला जातो व मुळाशी नवे पाणी आत येते. जमीन सुकू लागली म्हणजे ही ओढ वाढत जाते. फार वाढली तर धागा तुटतो, नळीत हवा शिरते आणि ती नळी निकामी होते. अशा पुष्कळ नळ्या निकामी झाल्या की फांदी वाळते. हे टाळण्याकरिता झाड पानांवरील छिद्रे मिटून घेते. पण त्याच छिद्रांतून हवेतील कर्बवायू आत यावयाचा असतो, व त्यापासूनच झाडाचे अन्न तयार व्हावयाचे असते. म्हणजे दार लावले तर तहान भागते पण उपास घडतो. दार उघडे ठेवले तर अन्न मिळते पण पाणी जाते. साग, ऐन, किंजळ, नाणा हे आपल्याकडील वृक्ष या पेचातून पाने गाळून सुटतात. पाने गेली की खर्च थांबला. मग पावसाळ्यात मुळांत साठविलेल्या पिठूळ अन्नावर ते उन्हाळा काढतात. तेव्हा ज्या झाडाचे मूळ खोल, त्याला पाणी अधिक दिवस पुरते. आणि ज्याचे मूळ जाड, त्याची कोठी भरलेली असते. कोवळ्या झाडाच्या जगण्या-मरण्याचा निवाडा या दोन गोष्टींवरच बहुतांशी होतो.

परदेशी वनशास्त्रात ही चर्चा बहुधा ओक वृक्षाच्या आधाराने केलेली आढळते. ओक सह्याद्रीत नाही. हिमालयातील बांज हा त्याचा आपल्या देशातील भाऊबंद. युरोपात ओकचे रान पुन्हा उभे करण्याच्या तीन रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत: झाडाखाली पडलेल्या बियांतून येऊ देणे, रोपवाटिकेतील रोपे लावणे, आणि तोडलेल्या खुंटांतून फुटवे वाढविणे. २०१८ पासून लागोपाठ आलेल्या कोरड्या उन्हाळ्यांनी जर्मनी व झेकदेशातील स्प्रूसची वने मोठ्या प्रमाणावर वाळली, तेव्हा कोवळा ओक कोणत्या रीतीने वाढविला असता तग धरतो, हा प्रश्न तेथे पुन्हा निकडीचा झाला. ह्याच तीन रीती आपल्या रानासही लागू आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली रीत बियांची. किंजळीच्या तांबूस, पंखवाल्या फळांचे घोस मार्गशीर्षाच्या सुमारास साऱ्या डोंगरास रंग आणतात. ऐनाची पाच पंखांची फळे उन्हाळ्यात पिकून वाऱ्याबरोबर उडतात. मृगाच्या पावसाबरोबर यांतील काही बिया रुजतात. या इवल्याशा रोपास मूळ खाली उतरविण्यास मिळतात ते अवघे चार महिने. त्यातही पावसाने मध्येच दडी मारली तर घात होतो. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. कार्तिकात पाऊस थांबला की मातीचा वरचा थर वाळू लागतो, आणि माघ-फाल्गुनात हे रोप शेंड्यापासून सुकत जाते. पाहणारा म्हणतो, मेले. परंतु सागाच्या व उत्तरेकडील सालाच्या रोपांविषयी वनाधिकाऱ्यांनी फार पूर्वीपासून लिहून ठेवले आहे की, वरचा शेंडा दर उन्हाळ्यात वाळला तरी खालचे मूळ जिवंत राहते व दर पावसाळ्यात थोडे थोडे जाड होत जाते. असे कित्येक वर्षे चालते. मग एके साली त्या मुळात इतका संचय होतो की, त्यातून निघालेला कोंब पुढचा उन्हाळा न वाळता पार करतो. वरून पाहणारास ते एका वर्षाचे रोप दिसते. मूळ कदाचित आठ-दहा वर्षांचे असते. ओकचे बाळरोपही प्रथम मूळ खाली धाडते व मगच उंचीचा विचार करते.

या रोपांच्या डोक्यावर थोरल्या झाडाची सावली असावी की नसावी? दोन्ही बाजूंस सत्य आहे. सावलीत जमीन उशिरा तापते व ओल टिकते. परंतु थोरल्या झाडाची मुळेही तीच ओल पीत असतात, आणि दाट छायेत रोपास अन्न करण्याइतका प्रकाश मिळत नाही. म्हणून जाणते वनाधिकारी एकदम सफाचट तोड करीत नाहीत. विरळ छाया ठेवतात, आणि बाळरोपे मुळावर आली की ती छाया टप्प्याटप्प्याने काढतात. घरातील वडिलांचे छत्र मुलांस लहानपणी हवे असते, मोठेपणी थोडे बाजूला सरलेले बरे असते, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी रीत रोपे लावण्याची. सध्या हीच सर्वांत लोकप्रिय आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री असताना त्यांनी वनमहोत्सव सुरू केला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोपे लावण्याचा प्रघात तेव्हापासून देशभर पडला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी व २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प सोडले. संकल्प आकड्यांचा असला म्हणजे मोजणीही लावलेल्या रोपांची होते. त्यातील किती चैत्र पाहतात, ही मोजणी अधिक कष्टाची.

रोपाचा कमकुवतपणा त्याच्या लाडात आहे. वाटिकेत त्यास रोज पाणी मिळाले, म्हणून पाने भरपूर आली; मुळास मात्र वीतभर पिशवीपलीकडे जागा नव्हती. सोटमूळ तळास टेकले की वळते, वेटोळे घालते. जुलैत असे रोप डोंगरावर लावले तर पावसात ते टवटवीत दिसते व छायाचित्रही चांगले येते. पाऊस थांबल्यावर मात्र पुष्कळ पानांचा खर्च आणि उथळ मुळाची मिळकत यांचा मेळ बसत नाही. ज्यांस अंगणातील दहा रोपांना उन्हाळाभर घागरीने पाणी घालता येते, त्यांच्यासाठी ही रीत उत्तम. दहा एकरांच्या उतारास घागर पुरत नाही.

सागाच्या बाबतीत वनखात्याने या अडचणीतून मोठी शहाणपणाची वाट काढली. केरळातील निलांबूर येथे १८४० नंतरच्या दशकात सागाची मोठी लागवड प्रथम झाली. पुढे अनुभवाने अशी पद्धत रूढ झाली की, वर्षभराचे रोप उपटावे, त्याचा शेंडा छाटून बोट-दीडबोट ठेवावा, मूळ वीतभर राखावे, आणि पावसाच्या तोंडावर हा अंगठ्याएवढा जाड तुकडा पहारीने केलेल्या भोकात रोवावा. त्यास एकही पान नसते, म्हणून खर्च नसतो. मुळातील साठा तेवढा असतो. त्यातून जो कोंब निघतो तो त्याच जागेच्या मातीला व उन्हाला बेताने वाढतो. रानातील रोप दर उन्हाळ्यात जे आपण होऊन करते, तेच येथे मनुष्याने चाकूने केले, इतकेच.

तिसरी रीत खुंटाची. ऐन, किंजळ, साग, कुडा ही झाडे तोडल्यावर त्यांच्या खुंटातून धुमारे फुटतात. बियांतून आलेले रोप अद्याप वितीवर असते तेव्हा खुंटाचा फुटवा माणसाच्या उंचीला लागलेला असतो. याचे कारण उघड आहे. वरचे खोड गेले, पण तीस-चाळीस वर्षांत कातळाच्या फटींतून खोल गेलेले मूळ जागच्या जागी आहे. नवा फुटवा म्हणजे वडिलार्जित भांडवलावर दुकान घातलेला मुलगा. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला खोलवरचे पाणी आणि भरलेली कोठी मिळते. ओकच्या फुटव्यांविषयी युरोपातील अनुभवही असाच आहे: सुरुवातीच्या वर्षांत दुष्काळास तोंड देण्यात फुटवे रोपांहून सरस ठरतात. महाड-पोलादपूरचे डोंगर कोळशासाठी व जळणासाठी इतक्या वेळा तुटूनही दर पावसाळ्यात हिरवे होतात, त्याचे श्रेय या खुंटांना आहे. थोरल्या काकांचे म्हणणे इतपत खरे.

परंतु भांडवल मोडून खाण्यालाही सीमा असते. तोड झाल्यावर पहिले फुटवे मुळातील साठ्यावरच वाढतात. तो साठा पुन्हा भरून निघण्यास वर्षे लागतात. दोन तोडींमधील अंतर कमी करीत गेले, फुटव्यांवर गुरे सोडली, आणि वरून दर फाल्गुनात वणवा लागला, तर खुंट क्षीण होत जातो व एके वर्षी फुटतच नाही. शिवाय खुंटातून जे येते ते जुनेच झाड. नवे झाड बियांतूनच जन्मते. ज्या रानात एकही झाड फळावर येण्याइतके मोठे होऊ दिले जात नाही, तेथे मेलेल्या खुंटाची जागा घेणारा वारस नसतो. असे रान दिसण्यात हिरवे असले तरी आतून निर्वंश होत असते.

याहून मोठे संकट अलीकडचे आहे. पूर्वी कोयता-कुऱ्हाडीने तोड होई. खुंट उरत असे. आता बागेसाठी किंवा बंगल्याच्या जागेसाठी जेसीबी यंत्राने उतार सपाट करतात आणि खुंट मुळासकट उपटतात. कुऱ्हाडीने गेलेले रान दहा-पंधरा वर्षांत परत येते. यंत्राने उपटलेल्या जागी शतकभराचे मूळ गेलेले असते, आणि तेथे लावलेले रोप पहिल्या चैत्राला एकटे सामोरे जाते. उतारावरील मातीचे धारणही मुळांवर असते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांतील अतिवृष्टी भयंकर होती, आणि खोलवरून सुटलेला डोंगर कोणतेही झाड अडवू शकत नाही. मुळे धरून ठेवतात ती वरच्या काही हात थराची माती. पण झाडाला उन्हाळ्यात पाणी देणारी माती तीच, आणि झऱ्यांना वैशाखापर्यंत थेंब थेंब पुरविणारीही तीच.

आपल्या पूर्वजांस हे सर्वस्वी अज्ञात होते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, रयतेची आंबा-फणसादी झाडे आरमारासाठी बळाने तोडू नयेत, कारण अशी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, असा आशय आहे. इंग्रजी अमलात १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. पुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारींवरून १८८५ साली वनचौकशीचे कमिशन बसले. भाताच्या राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्यातील एक मोठा वाद होता. राबासाठी कवळ तोडणारा शेतकरी फांद्या घेई, पण खोड व मूळ शिल्लक ठेवी, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

आता ज्यांच्या घरी अशी बैठक बसावयाची आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली: काहीही झाले तरी खुंट उपटू देऊ नये, ठेक्याच्या कागदात ही अट स्वच्छ लिहून घ्यावी. दुसरी: तोड द्यावयाचीच असेल तर १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे रीतसर परवानगी घेऊन, झाडे पानगळीत असताना द्यावी. तेव्हा अन्नाचा साठा मुळात असतो. घाव जमिनीलगत, साफ व तिरका असावा, म्हणजे खुंटावर पाणी साचून तो कुजत नाही. दर एकरी काही सरळ, निरोगी, फळावर आलेले ऐन, किंजळ, नाणा आधीच खूण करून राखावेत, आणि ओढ्याकाठची व तीव्र उतारावरची झाडे मुळीच देऊ नयेत. तिसरी: पुढच्या दोन वर्षांत प्रत्येक खुंटावरील गर्दीतून दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत, गुरे वळवावीत, आणि पौष संपण्यापूर्वी हद्दीभोवती गवत कापून जाळरेषा घ्यावी. वणव्यापासून राखलेली तीन वर्षे विकत आणलेल्या हजार रोपांहून अधिक झाडे देतात, कारण मुळे तेथे आधीच असतात.

चौथी गोष्ट घरातील भगिनींच्या हातची आहे. जेथे खुंट मेले आहेत, तेथे रोपाऐवजी बी टोकावे. मूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जाते. जांभळाच्या बिया, आंब्याचे बाठे, फणसाच्या आठळ्या वाळवून ठेवल्या की त्यांची उगवण्याची शक्ती लवकर जाते. म्हणून त्या धुऊन, सावलीत ठेवून, चार-आठ दिवसांत पावसाच्या तोंडावर रानात पोहोचवाव्यात. सागाचे बी याच्या उलट; ते कवचाचे कठीण असते, त्यास काही दिवस आळीपाळीने भिजवावे व वाळवावे लागते. उंदीर व रानडुकरे आपला वाटा घेणारच, म्हणून एकेका जागी तीन-चार बिया घालाव्यात.

मग शिकलेल्या सुनेचे म्हणणे चूक का? उतार तीव्र असेल, झरा खाली असेल, किंवा राईत फळावर आलेली झाडे मोजकीच उरली असतील, तर तिचेच म्हणणे मान्य करावे हे शहाणपणाचे. एका तोडीचे पैसे वाटणीला येऊन संपतात. झऱ्याचे पाणी खालच्या वाडीस दर वैशाखात लागते, व त्या वाडीतील माणसे आपल्या सातबारावर नसली तरी आपल्याच उतारावर अवलंबून असतात.

ज्यांस केवळ वाचून समाधान होत नाही, त्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. आपल्या रानाच्या एकाच उतारावर वीस खुंट, वीस टोकलेल्या जागा व वीस रोपे यांस क्रमांक घालावेत. गावी जाणे होईल तेव्हा, निदान दर मार्गशीर्षात व दर वैशाखात, जिवंत किती, वाळलेली किती, एवढे घरच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावे. वैशाखात वाळलेले दिसेल त्यास लगेच काट मारू नये. आषाढात पुन्हा पाहावे, कारण पुष्कळदा मुळातून नवा कोंब आलेला असतो. असे तीन उन्हाळे लोटले म्हणजे भाऊबंदांच्या पुढच्या बैठकीत ठेकेदाराच्या आकड्याशेजारी ठेवण्यास घरचाही एक आकडा तयार असेल.